नावाखालचं ऑनलाइन

बोईसरला राहायला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली होती. नवरा तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होता आणि मी घरी ब्लाउज शिवायची. दोघंही मूळचे सांगलीकडचे. त्याच्या कारखान्यात मोबाइल आत नेऊ देत नसत. गेटवर जमा करायचा, टोकन घ्यायचं आणि सुटताना परत घ्यायचा. पहिली पाळी असली की सकाळी सात ते दुपारी तीन त्याला फोन करायचा नाही, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी कुणी आजारी पडलं तरी मी तीन वाजायची वाट बघायची.

एका मंगळवारी अकराच्या सुमारास एका बाईने गळ्याच्या डिझाइनचा फोटो पाठवला. तो बघायला मेसेजचं ॲप उघडलं आणि चुकून बोट नवऱ्याच्या नावावर पडलं. नावाखाली दिसलं, ऑनलाइन.

मी बघत राहिले. ते गेलं, परत आलं. मी लिहिलं, ‘जेवलात का?’ दोन राखाडी खुणा आल्या. मेसेज पोचला होता. तो ऑनलाइन होता, पण खुणा निळ्या झाल्या नाहीत. म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी वाचत होता.

संध्याकाळी चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, नेट चालू राहिलं असेल, फोन तर गेटवर होता. बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मिरजेच्या बहिणीला फोन केला. माझा फोन नेट चालू ठेवून कपाटात टाकते, मी ऑनलाइन दिसते का बघ म्हणाले. पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, नाही दिसत. ॲप उघडून कुणी बघत असलं तरच दिसतं.

म्हणजे नवरा खोटं बोलला होता.

त्यानंतर माझं शिवणातलं लक्ष उडालं. मशीनशेजारी फोन उघडा ठेवायची. ऑनलाइन दिसलं की कटिंगच्या कागदावर खडूने वेळ लिहायची. अकरा दहा. अकरा पंचवीस. पावणेएक. एकदा एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या मी उजव्याच कापल्या. नवरा घरी आला की त्याच्या शर्टाचा वास घ्यायची. पूर्वी त्याच्या कपड्यांना उग्र, आंबूस वास यायचा, धुतला तरी न जाणारा. आता तो वासच नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा मी शर्ट पुन्हा हुंगून बघितला. कारखान्यात जातच नसेल तर जातो कुठे?

आमच्या बिल्डिंगमध्ये सातपाटीची एक मावशी मासळी घेऊन यायची. त्या दिवशी मी बोंबील न बघताच घेतले, म्हणून तिने विचारलं, काय झालं. मी नवऱ्याचं नाव न घेता एवढंच म्हणाले, की माणूस ऑनलाइन दिसतो आणि आपल्याशी बोलत नाही. ती पाटीवर कापड टाकत म्हणाली, "माझा घरवाला बोटीवर गेला का चार-पाच दिस काय दिसत नाय. मंग एकदम ऑनलाइन दिसतो. तवा समजते, बोट जवळ आली. बोलला नाय तरी चालते मला." तिला जे बघून धीर यायचा, तेच बघून माझा जीव जळत होता.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता ऑनलाइन दिसलं आणि मी मशीनवरून उठले. कसलंही निमित्त काढलं नाही. रिक्षा करून थेट कारखान्याच्या गेटवर गेले. वॉचमनला नवऱ्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "भाभी, वो तो अब काटे पे बैठते हैं," आणि गेटबाहेरच्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं. ट्रक जिथे भरलेले आणि रिकामे तोलतात, तिथली ती पत्र्याची केबिन. कधीपासून, विचारलं, तर म्हणाला, दो महीने हुए.

केबिनची खिडकी उघडी होती. आत नवरा माझ्याकडे पाठ करून बसला होता, फोन तोंडाजवळ धरून. फोनमधून बाईचा आवाज आला. "ते निजलेत आता. उठले का ऐकवते." तरुण आवाज होता. तेवढ्यात तो हळू आवाजात फोनमध्ये बोलला, "उजव्या डोळ्याची पट्टी काढल्यावर काय दिसलं ते त्यालाच बोलायला सांगा, वहिनी. मला त्याचा आवाज ऐकू दे."

मी खिडकीपाशी उभी आहे हे त्याला ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितलं.

काट्यामागच्या झाडाखाली उभं राहून त्याने सगळं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी प्लँटमध्ये टाकीतल्या रसायनाचा नमुना घ्यायची पाळी त्याची होती. तो चहाला गेला तिथे रेंगाळला. त्याच्या जागी त्याचा कामावरचा जोडीदार गेला, मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. वॉल्व्ह उघडताना कॉस्टिक सोड्याचं जळजळीत पाणी त्याच्या डोळ्यांवर उडालं. त्यानंतर नवऱ्याला प्लँटमध्ये पाऊल टाकवेना. म्हणून काट्यावर बदली मागून घेतली. जोडीदाराला मेसेज दिसत नव्हते, म्हणून हा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा आणि त्याची बायको त्याला ऐकवायची.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू गावाकडे सगळ्यांना ऑपरेटर म्हणून सांगतेस," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि चहाचं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रिक्षात बसल्यावरही मनात येत होतं, की त्या जोडीदाराच्या बायकोचा आवाज इतका तरुण कसा.

रविवारी मी त्याला घेऊन मनोरला गेले, तिथून जीपने पाड्यावर. खरं सांगायचं तर मला ती बाई बघायची होती. ती विशीतली होती, कडेवर मूल, हाताला शेणाचा वास. आम्हाला बघून घाईने घोंगडी अंथरली. जोडीदार ओट्यावर बसला होता. डाव्या डोळ्याने काही दिसत नव्हतं, उजव्याने माणसाची आकृती दिसायची. नवऱ्याने त्याच्यासमोर बसून चहाची गोष्ट सांगितली.

जोडीदार ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला म्हाईत हाय. तवाच म्हाईत होतं. तू रोज बोलतस तर मी मनात बोललो, बोलू दे त्याला."

नवरा ओट्यावरच रडला. मी आणि ती बाई आत चुलीपाशी जाऊन बसलो. तिने मला विचारलं, तुमच्या गावाकडे भात होतो का.

नवरा काट्यावरच राहिला. जोडीदाराचा उजवा डोळा हळूहळू सुधारला, तो आता पाड्याजवळच्या दुकानात बसतो. माझी खोड मात्र गेली नाही. सगळं कळूनही अकरा वाजले की हात फोनकडे जायचा. शेवटी मी सेटिंगमध्ये जाऊन माझं स्वतःचं ऑनलाइन आणि लास्ट सीन बंद केलं. आपलं लपवलं की दुसऱ्याचंही दिसत नाही, तोच मला उपाय वाटला.

आठवडाभराने दुसऱ्या पाळीला निघताना त्याने बूट घालता घालता विचारलं, "तू लास्ट सीन का बंद केलंस?" आवाज अगदी सहज होता. तो सहजपणा मी चांगला ओळखत होते.

मी त्याला सगळं सांगितलं. कागदावर लिहिलेल्या वेळा, शर्टाचा वास, खिडकीपाशी उभं राहून ऐकलेलं बोलणं. तो एक बूट घालून तसाच बसून राहिला.

"मला विचारायचं ना," तो म्हणाला.

"विचारलं होतं."

त्याने दुसरा बूट घातला आणि कामावर गेला.