यांना येणारा वास

आम्ही मानपाड्याच्या बाजूला राहतो, एमआयडीसीला अगदी लागून. इथल्या हवेला वास असतो याचं कुणाला नवल नाही. कधी सडक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशसारखा गोडसर. पाहुणे नाकाला रुमाल लावतात, आम्ही चहा टाकतो. त्यामुळे घरात गॅसचा वास येतोय असं हे पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा मी खिडकी लावून घेतली आणि कामाला लागले. हे रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये केमिस्ट होते. नुकतेच रिटायर झालेले. वासाच्या बाबतीत आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये यांचा शब्द अखेरचा होता.

हळूहळू तो वास एका घराला चिकटला. आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं भाड्याने राहायचं, पदरात तान्हं बाळ. ते घरी असले की वास येतो, बाहेर गेले की थांबतो, असं हे सांगू लागले. बाथरूमच्या जाळीवर टेप आली, मग खिडक्यांच्या फटींवर. बेसिनच्या भोकात ओली फडकी कोंबलेली असायची. बाहेर एप्रिलचा उकाडा आणि आम्ही आत बंद. हे आरडाओरडा करत नव्हते, असंबद्ध बोलत नव्हते, आणि मला भीती वाटायची ती त्याचीच. कुठला गॅस जड, कुठला हलका, पाइपातून वर कसा चढतो, हे ते मला शांतपणे समजावत, लॅबमधल्या नवीन पोरांना शिकवल्यासारखं. मी मान वर करून हुंगायचे. एकदा तर मलाही आला. त्या दिवशी शाळेत शिकवताना माझं कशातच लक्ष नव्हतं.

मग खालच्या मुलीने मला जिन्यात गाठलं. बाळाला खांद्यावर थोपटत, आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, काका दुपारी आमच्या दाराबाहेर उभे असतात. बेल वाजवत नाहीत. नुसते उभे."

मी विचारलं तर हे म्हणाले, खात्री करून घेत होतो.

एप्रिलमध्येच एका दुपारी यांनी तळमजल्यावरचा मेन स्विच पाडला. वास फार वाढला होता, एक ठिणगी पडली असती तर बिल्डिंग उडाली असती, असं त्यांचं म्हणणं. नेमकी तेव्हा ती मुलगी बाळाला घेऊन लिफ्टमध्ये होती. हे मीटरच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि कुणाला आत जाऊ देईनात. वॉचमनने किल्लीने लिफ्टचं दार उघडून तिला बाहेर काढलं. मी शाळेतून पोचले तेव्हा ती पायरीवर बसली होती. बाळ घामाने निथळत होतं, रडायचं थांबलं होतं. संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन घरी आले. इथलेच जुने, बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्याच घरची. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की आता उपचार करा, नाहीतर पुढच्या वेळी पोलीस येतील.

कल्याणला माझे धाकटे दीर राहतात. त्यांनी लगेच तोडगा काढला. मोहन्याच्या पुढे मानसिक रुग्णांसाठी एक खाजगी केंद्र आहे, तिथे सगळं बघतात. भावजींना मी म्हटलं, आधी मी पाहून येते. ते म्हणाले, बघायचं काय त्यात? तरी मी गेले.

कुंपणाच्या आतला दुमजली बंगला. वरच्या खिडक्यांना दुहेरी ग्रिल. खाली ऑफिसात एक गृहस्थ, हसतमुख, कपाळाला गंध. डॉक्टर कुठे आहेत विचारलं तर म्हणाले, ते आठवड्यातून एकदा येतात. पेशंटला भेटता येईल का? सुरुवातीला नाही, घरच्यांना बघून पेशंट बिघडतात. औषध कुठलं देता? ते तुम्ही आमच्यावर सोडा. मी परत निघाले तेव्हा वरच्या खिडकीतून आवाज आला. ग्रिलमागे कुणीतरी माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस उभा होता. चांगला मृदू आवाज.

"बाई, आज वार कोणता?"

मी बुधवार म्हणाले. त्याने आभार मानले. तेवढ्यात आतून कुणीतरी खिडकी ओढून लावली. फाटकापर्यंत सोडायला आलेले ते गृहस्थ मला धीर देत म्हणाले, "काळजी नको मॅडम. उद्या सकाळी आमची माणसं गाडी घेऊन येतीलच. तुमच्या दिरांनी पत्ता दिलाय."

मी रिक्षात बसले आणि तिथूनच भावजींना फोन लावला. त्यांनी नाकारलं नाही. दादा स्वतःहून कुठेच जाणार नाही, चार माणसं लागतीलच, आणि वहिनी, तुमच्याने ते बघवणार नाही म्हणून तुम्हाला सांगितलं नाही, असं म्हणाले. त्यांचा भावावर जीव आहे, हे मला माहीत होतं. म्हणूनच ते सहज थांबणार नाहीत, हेही. मी म्हटलं, गाडी आली तर मी दार उघडणार नाही आणि चेअरमनना बोलावीन. गाडी आली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले नाही, कडी लावून दारामागे खुर्ची टाकून बसले. हे पेपर वाचत होते. मी का बसले आहे ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं असावं, मलाही आता खालून वास येतोय.

शाळेतल्या एका बाईंनी ठाण्याच्या डॉक्टरीणबाई सुचवल्या होत्या. प्रश्न होता यांना न्यायचं कसं. हे आजारी नव्हतेच, त्यांच्या मते. मी खोटं बोलायचं नाही ठरवलं. म्हटलं, "मला वास येत नाही. पण मला झोप येत नाही, आणि मला भीती वाटते. माझ्यासाठी चला." हे उठून आत गेले. मग शर्टाला इस्त्री करायला घेतली.

दवाखाना कोर्टापासून जवळ, एका जुन्या इमारतीत. मला वाटलं होतं, तिथे ओरडणारी माणसं असतील. बसलेले सगळे आमच्यासारखेच होते. कॉलेजची एक मुलगी, टाय लावलेला एक माणूस. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी यांना आधी एकट्यालाच आत घेतलं, पुष्कळ वेळ. मग मला बोलावलं, यांना विचारून. वास खरा की खोटा यावर त्या वाद घालत बसल्या नाहीत. झोप, भूक, दारू, घरात पूर्वी कुणाला असा त्रास, जीव द्यावासा वाटतो का, सगळं साध्या आवाजात विचारलं. नसलेला वास मेंदूच्या आजारानेही येऊ शकतो, म्हणून आधी एमआरआय आणि रक्त तपासू, म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून त्यांनी यांना विचारलं, "खालच्या लोकांना काही करावं असं मनात येतं का?"

हे आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "त्यांच्या दाराला बाहेरून कडी घालायची. वास त्यांनी सोडलाय, त्यांनाच घेऊ दे. कुलूप आणून ठेवलंय."

मला खोलीतून उठून पळावंसं वाटलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला नाही. हे सांगितलंत ते चांगलं केलंत, म्हणाल्या. त्याच दिवशी ठाण्यातच एका छोट्या हॉस्पिटलात भरती व्हावं, असा त्यांनी आग्रह धरला. बायको सोबत राहील, फोन जवळ राहील, असं सांगितलं. नुसत्या नातेवाइकाच्या सांगण्यावरून कुणाला गाडीत घालून नेता येत नाही, हेही मला तिथे कळलं. सही यांनीच केली. मला वाटतं, हेही थकले होते.

एमआरआयमध्ये काही निघालं नाही. मी थोडी निराश झाले, कारण गाठ निघाली असती तर ती काढता आली असती. गोळ्या सुरू झाल्या. लगेच काही होणार नाही, हे आधीच सांगितलं होतं. झालं ते वेगळंच. हात कडक झाले, चमचा धरताना थरथरायचे, दिवसभर गुंगी. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, माणूस बरा होतोय की संपतोय? त्यांनी गोळी बदलली. बदललेली लागू पडायला आणखी काही आठवडे गेले. घरी आल्यावर एके दिवशी बाथरूमच्या जाळीवरची टेप यांनी स्वतः खरवडून काढली.

"वास गेला?" मी विचारलं.

"येतो अधूनमधून. पण तो कुणी सोडत नाही."

खालचं जोडपं तोवर घर सोडून गेलं होतं. त्यांना दोष कोण देणार? कुलूप मला यांच्या कपाटात सापडलं, नवं, किल्ल्यांसकट. मी ते कुणाला न सांगता कचऱ्यात टाकलं.

आता महिन्यातून एकदा ठाण्याला जातो. भावजी येतात, भावाशी क्रिकेटवर बोलतात, माझ्या नजरेला नजर देत नाहीत. गोळ्या किती वर्षं, याला उत्तर नाही. मध्यंतरी बरं वाटतंय म्हणून यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. मला कळलं ते त्यांच्या गप्प होण्यावरून. पुन्हा सुरू करून घेतल्या.

परवा ठाण्याहून परतताना बस एका सिग्नलला अडकली होती. हे खिडकीशी बसले होते. बाहेर बघतच म्हणाले, "मी खरंच कडी घातली असती का गं?"

मला माहीत नाही, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. बस बराच वेळ हलली नाही.