मुका रकाना

प्रणिता मूळची निपाणीची. बेळ्ळंदूरच्या ज्या कंपनीत ती होती, ती दवाखान्यांसाठी वेबसाइटी बनवायची. तिथे प्रत्येक टीम फॉर्मवरच्या तारखेच्या रकान्याचा कोड आपापला नव्याने लिहायची. कुठे दिवस आधी, कुठे महिना. वैतागून प्रणिताने फ्रेमवर्कच्या तयार साच्यातल्या साध्या रकान्यावर भर घालून स्वतःचा कॉम्पोनंट रचला. एकदा लिहायचा, हवा तिथे बसवायचा. हळूहळू तो बहुतेक सगळ्या फॉर्मांवर दिसू लागला. कुणी तिला ‘तारीखवाली मॅडम’ म्हटलं की ती आतून सुखावायची.

मग टेस्टिंगला वासुदेव आला. बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातला, कॉलेजात असताना आजारपणात दृष्टी गेलेला. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर इअरफोनवर ऐकत तो काम करायचा.

"अक्का, तुमच्या रकान्यापाशी आलं की सगळं गप्प होतंय," तो एके दिवशी म्हणाला. "महिना कुठला, तारीख कुठली, कळतच नाही."

"तसं कुणी मागितलंच नव्हतं रे."

"सरी, ठीक आहे. पण डॉक्टरांची वेळ घ्यायला मला आईला हाक मारावी लागतेय."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते तिला जास्त लागलं. तिने त्याचा इअरफोन मागून घेतला, डोळे मिटले आणि नुसत्या कीबोर्डवर तारीख निवडू लागली. डोळे उघडले तेव्हा भलताच महिना निवडला गेला होता. ही एक चूक आपण किती दवाखान्यांत पोहोचवली, या विचाराने ती सुन्न झाली.

तिने दुरुस्तीचं काढताच मॅनेजर रविकुमार बिचकला. "एवढ्या ठिकाणी लागलाय तो. हात लावलास आणि मोडला तर?"

भीती खरी होती. म्हणून तिने बाहेरचं काही बदललं नाही. दुरुस्ती सगळी आतून केली. पहिल्या खेपेला रकाना वार, तारीख, महिना, वर्ष असं सगळं कीबोर्डच्या दर बटणाला घोकू लागला. वासुदेव हसत सुटला. "आता हा गप्पच बसेना! स्वल्प कमी बोलू दे त्याला." मग काय बोलायचं आणि काय गाळायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं.

नवी आवृत्ती टीमांनी घेतली आणि एकेका फॉर्मवरचा रकाना बोलू लागला. फक्त शिल्पाश्रीच्या टीमकडे तो मुकाच राहिला. त्यांनी प्रणिताचा कोड उचलून, रंग बदलून वेगळाच ठेवला होता. तिची दुरुस्ती तिथवर जाणार कशी? प्रणिता स्वतः त्यांच्याकडे गेली. "चालतंय ना, मग कशाला छेडायचं?" शिल्पाश्री म्हणाली. प्रणिताने वाद घातला नाही. वासुदेवचा इअरफोन तिला कानात घालायला दिला आणि डोळे मिटून तारीख निवडायला सांगितली. थोड्या वेळाने शिल्पाश्रीने तो काढला. "तुझी नवी आवृत्ती पुढच्या महिन्यात घेते," ती म्हणाली, आणि खरंच घेतलं.

दाढ दुखत होती तेव्हा वासुदेवने दंतवैद्याची वेळ स्वतःच घेतली. जेवताना त्याने ते सहज सांगितलं, आणि लगेच म्हणाला, "अक्का, ते फाइल जोडायचं मुकं बटण कुणी बनवलंय?"