रजनीचा थर्मास

रजनी गेल्याची बातमी मला कुणी सांगायची गरजच पडली नाही... मी तिथेच होते. दरेकशाकडच्या एका मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, दुपारीच पोतं अंथरून धरलेल्या अगदी समोरच्या जागेवर. रजनी गाता गाता खाली बसली, मग आडवी झाली, आणि गाणं चालूच राहिलं, तिच्याच आवाजात. पोरं नाचत होती. लोकांना वाटलं, नवी अदा आहे. तिचा मॅनेजर बंटी मशीनपाशीच उभा होता, पण गाणं संपेपर्यंत त्याने ते बंद केलं नाही. मी धावत स्टेजवर चढले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. सगळं आटोपल्यावर हातात तिचा थर्मास तेवढा उरला.

तिच्या गाण्याशिवाय गोंदियात वरात पुढे सरकत नसे, पण माझ्यासाठी ती एका बांधीत धान रोवलेली मैत्रीणच. मोबाईलवर कितीही गाजली तरी घरी आली की चुलीपुढे फतकल मारायची. दिवाळीआधी आली तेव्हा ओसरी चढतानाच धाप लागली. छातीत पाणी झालंय, भरती व्हा, असं डॉक्टरने बजावलं होतं.

"मंग काऊन नाही होत व भरती?"

"बंटीभाऊनं मंडया घेऊन ठेवल्या ना. म्हणते, गाना मशीन गायेगी, तू फक्त ओठ हालव."

मी चरफडले, त्याला शिव्या घातल्या, आणि अडुळशाचा काढा करून तिच्या थर्मासात भरून दिला. मग प्रत्येक मंडईला देत राहिले...

ती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी बंटी मोबाईलवरच्या व्हिडिओत ढसाढसा रडला. रजनी दारू पिऊन स्टेजवर चढली म्हणे. थर्मासात काय असायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे म्हणे! तिच्या बाबांनी तेव्हापासून चौकात जाणं सोडलंय. तेरवीला बंटी हार आणि कॅमेरा घेऊन हजर. मी थर्मास घेऊन दारातच आडवी आले.

"थर्मास मी भरून देत होती, बंटी. दारू होती म्हणतोस, त आता सगळ्यायसमोर पिऊन दाखव."

या वेळी मात्र बंद करायचं बटण त्याला लगेच सापडलं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. तक्रारीचं काय व्हायचं ते होवो. बंटी आता नवी पोरगी घेऊन गावोगाव रजनीला श्रद्धांजली वाहतोय. आणि मी प्रत्येक ठिकाणी समोर बसते, थर्मास मांडीवर ठेवून. परवा तो माईकवर "हमारी रजनी..." म्हणाला, त्याची नजर खाली आली, आणि पुढचं त्याला सुचेना. बाया वळून माझ्याकडे बघू लागल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

थर्मास मी धुतलेला नाही. झाकण काढलं की अजून अडुळशाचा कडू वास येतो. ज्याला शंका असेल त्याने यावं आणि वास घ्यावा. उद्या पुन्हा मंडई आहे, पोतं झटकून ठेवलंय.