सुसाट शववाहिका

आमच्या हॉइटला सगळा तालुका कासव म्हणायचा आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. राग एवढ्यासाठी, की खरं काय ते मला माहीत होतं आणि सांगून कुणाला पटण्यासारखं नव्हतं.

हॉइट स्कॉगिन्स माझा धाकटा भाऊ. जॉर्जियातल्या आमच्या गावात कुणी गेलं की पुढचं सगळं हँबींकडे असतं. पेटी तेच आणतात, फुलं तेच, आणि दफनभूमीपर्यंत नेणारी गाडीही त्यांचीच. हॉइट ती शववाहिका चालवायचा. लांबलचक काळी गाडी, पुसून पुसून अशी चकचकीत ठेवलेली की बायका तिच्यात बघून टोपी नीट करायच्या. मिस्टर हँबींची सक्त ताकीद, वेगाचा काटा पंचवीस मैलांच्या पुढे जाता कामा नये. हॉइटने ती इतकी वर्षं पाळली की रविवारी स्वतःच्या ट्रकमध्ये बसला तरी पंचविसानेच जायचा. मागे गाड्यांची ही रांग. नॅडीन, म्हणजे त्याची बायको, चर्चला निघताना म्हणायची, "मी आपली चालत होते पुढे. तू ये सावकाश."

आता खरं काय ते ऐका. आमच्या काकाची डोंगरात हातभट्टी होती, आणि हॉइटला धड मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून तो ती दारू अटलांटाला पोचवत होता. वळणावळणाचा लाल मातीचा रस्ता, मागे पोलीस, आणि हा गडी शीळ घालत चाललाय. एकदाही कुणाच्या हाती लागला नाही. मी एकदा हट्टाने शेजारी बसले होते. पुढे आठवडाभर माझी मान वळत नव्हती, पण तसली मजा मला जन्मात पुन्हा आली नाही. मग काका गेला, भट्टी विझली, हॉइटने लग्न केलं आणि हँबींच्या नोकरीला लागला. दारू पोचवल्याचं चारचौघांत बोलायची काय सोय? आणि मी नॅडीनला एकदा सांगितलं, तर ती हसून हसून पायरीवरच बसली. म्हणाली, "लॉइस, हा मनुष्य आइस्क्रीमच्या गाडीला पुढे जाऊ देतो गं."

तर असा हॉइट, आणि त्यात एका उन्हाळ्यात गावात टीव्हीवाले आले.

दर शुक्रवारी लागणारी ती मालिका तेव्हा घराघरांत बघत. गॅरेज चालवणारे बहीणभाऊ, त्यांच्या मागे हात धुऊन लागलेला ढेरपोट्या शेरीफ, आणि प्रत्येक भागात निदान एक गाडी ओढ्यावरून उडालीच पाहिजे. या खेपेच्या भागात शेरीफ जत्रेतलं बक्षिसाचं डुक्कर ढापतो आणि हे बहीणभाऊ ते शवपेटीत घालून शववाहिकेतून पळवतात, अशी कथा. असल्या कथा सुचायला काय खातात देव जाणे. गाडी हँबींचीच ठरली. पण तिचा क्लच इतका लहरी, की तो हॉइटशिवाय कुणाचं ऐकत नसे. त्यांच्या कसलेल्या माणसाने भर चौकात तीनदा बंद पाडली, तेव्हा केसलर नावाचा तरुण दिग्दर्शक माझ्या खानावळीत येऊन हॉइटला म्हणाला, की गाडी तुम्हीच चालवा. बहीणभाऊ ज्याला दमदाटी करून गाडी पळवायला लावतात तो ड्रायव्हर तुम्हीच. तुमचा चेहराही दिसेल.

जेवत बसलेल्या हॉइटने काटा-चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "किती वेगाने?"

"जमेल तितक्या," केसलर म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, जास्तीत जास्त चाळीस.

हॉइटचे कान लाल झालेले मी पाहिले. लहानपणापासून त्याचं असंच आहे, फार हवंसं काही दिसलं की कान लाल. जाताना मला हळूच म्हणाला, "लॉइस, नॅडीन बघेल गं टीव्हीवर." बस, एवढंच. त्याला ना पैशाचं पडलं होतं ना नावाचं. बायकोने एकदा, फक्त एकदा, त्याला सुसाट जाताना बघावं. मला एकदम भरून आलं, म्हणून मी त्याच्यावर खेकसले, की जा आता, माझी भांडी पडलीत.

शूटिंग ठेवलं होतं माउंट ऑलिव्ह चर्चजवळच्या चढावर. हातात तो एकच दिवस, दुसऱ्या दिवशी मंडळी कॅलिफोर्नियाला परत जाणार होती. समोरून येणाऱ्या साध्या गाड्यांसाठी गावातलीच माणसं घेतलेली. त्यांनी काही करायचं नव्हतं, आपापल्या गाडीतून सरळ जायचं, आणि मधून हॉइट शववाहिका सुसाट काढणार. मागे शेरीफच्या दोन गाड्या, भोंगे वाजवत. शववाहिकेत मागे पेटी, पेटीत खरंखुरं डुक्कर, आणि हॉइटच्या शेजारी सोनेरी केसांचा टोप घातलेला एक दांडगा गडी, तो स्टंटपुरता मालिकेतल्या बहिणीच्या जागी बसला होता.

केसलर ओरडला, "चला!" शववाहिका चढावर दिसली मात्र, गावातल्या झाडून सगळ्या गाड्या कडेला लागल्या. दिवे लावले, इंजिनं बंद केली. बायकांनी माना खाली घातल्या. शेंगांच्या शेतातला पर्विस ट्रॅक्टरवरून खाली उतरला आणि टोपी छातीशी धरून उभा राहिला. रस्ता असा चिडीचूप, की हॉइटलाच वेग कमी करावा लागला.

केसलर धावत आला. पर्विसला म्हणाला, "अहो, कोण मेलंय?"

"ते मला कसं ठाऊक असणार?" पर्विस म्हणाला. "तुमच्याकडचं असेल कुणीतरी."

"पेटीत डुक्कर आहे!"

पर्विसने जरा विचार केला. "असेल. पण गाडी तर मयताचीच ना."

दुसऱ्यांदा सगळ्यांना नीट बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चूक झाली म्हणाले, आता नाही थांबत म्हणाले. आणि शववाहिका दिसताच पुन्हा कडेला. यात त्यांचा काय दोष? आमच्याकडे मयताची गाडी दिसली की पाय आपोआप ब्रेकवर जातो, डोक्याला विचारत नाही. तिसऱ्या वेळी तर शेरीफची एक गाडी चालवणारा गडीही थांबला, कारण तो आमचा खराखुरा हवालदार रँडल होता. शववाहिकेच्या मागून भोंगा वाजवत जायचं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं तो नंतर म्हणाला. दुपार कलली. केसलरने डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. हॉइट मात्र गाडीतून हललाही नव्हता, चाक धरून समोर बघत होता.

शेवटी केसलरने गावच्या सगळ्यांना चर्चच्या पलीकडे, फाट्यावर पिटाळलं. ज्या गाड्या हव्या त्या टीव्हीवाल्यांची स्वतःची माणसं चालवणार. रँडललाही फाट्यावरच उभं केलं, आडवी गाडी येऊ द्यायची नाही म्हणून. नॅडीन तिथेच झाडाखाली घडीची खुर्ची टाकून, मांडीवर तळलेल्या कोंबडीचा डबा घेऊन बसली होती. चढावर फक्त मी उरले, कॅमेऱ्यावाल्यांना थंड चहा देत. एकच टेक होईल एवढा उजेड राहिला होता.

आणि मग हॉइट आला.

काय सांगू तुम्हाला. आधी नुसता आवाज आला, नंतर ती काळी लांबडी गाडी चढावरून अशी वर आली की चारी चाकं जमिनीवरून सुटली. खाली टेकली, लाल धुरळा उडाला, आणि वळणावर तिने जो मागचा भाग झोकात फिरवला, तो मी तीस वर्षांपूर्वी पाहिला होता. शीळही ऐकली मी. लोक म्हणतात, एवढ्या आवाजात शीळ कशी ऐकू येईल? आली. माझा भाऊ आहे तो. शेजारच्या गड्याच्या डोक्यावरचा सोनेरी टोप खिडकीतून उडून कुंपणाला जाऊन लटकला. मी हातातला चहाचा जग फेकून दिला आणि अशी ओरडत सुटले की कॅमेऱ्यावाल्याने मला गप्प बस म्हणून खुणा केल्या.

तेवढ्यात फाट्यावर आडव्या रस्त्याने अंत्ययात्रा आली. खरी.

मिस अर्डेलिया गेल्या होत्या. म्हाताऱ्या सुईण, 'मिस' आम्ही सगळे मानाने म्हणायचो. आमच्या तालुक्यातली निम्मी माणसं, काळी काय आणि गोरी काय, त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांचं अंत्यकर्म हँबींऐवजी त्यांच्या काळ्यांच्या चर्चच्या लोकांनी केलेलं, गाडीही पलीकडच्या गावातून मागवलेली, म्हणून हॉइटला आजची वेळ ठाऊक नव्हती. आडवी गाडी येऊ द्यायची नाही म्हणून रँडल उभा होता खरा, पण मयताला अडवेल तो रँडल कसला? तो टोपी काढून बाजूला झाला.

हॉइटने ब्रेक मारला. शववाहिका तिरकी होत, घसटत, बरोबर फाट्याच्या अलीकडे कडेला लागली. मागची शेरीफची एक गाडी शेंगांच्या शेतात शिरली, दुसरी कुडझूच्या रानवेलींच्या जाळीत अशी घुसली की नुसता भोंगा ऐकू येत राहिला. कुणाला काही लागलं नाही. हॉइट खाली उतरला, टोपी काढली, आणि उभा राहिला.

केसलर हातवारे करत आला. मीही धापा टाकत मागोमाग पोचले. तो म्हणत होता, उजेड चाललाय, अहो, दोन गाड्यांच्या मधे जागा आहे, काढा पटकन, आपल्याला अजून मिळेल.

हॉइट समोरून नजर न हटवता म्हणाला, "साहेब, या बाईंनी मला जगात आणलं. त्यांना वाट द्यायला मला वेळ नाही, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?"

 केसलरने डोक्यावरची टोपी काढली, उन्हाची होती ती, पण काढली. अशा शांततेत पेटीतलं डुक्कर किंचाळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल हॉइटला. अंत्ययात्रेतल्या दुसऱ्या गाडीत मिस अर्डेलियांची मुलगी व्हर्ना बसली होती. तिने काच खाली केली, शववाहिकेकडे पाहिलं, हॉइटकडे पाहिलं, आणि रडतारडता तिला हसू फुटलं. म्हणाली, "हॉइट, आईला हे फार आवडलं असतं."

रांग फार मोठी होती. एवढ्या माणसांना जगात आणल्यावर लहान कशी असेल? शेवटची गाडी गेली तेव्हा सूर्य चर्चच्या मागे उतरला होता.

नॅडीनने डबा बंद केला आणि खुर्चीची घडी घातली. झाडाखालून तिला फक्त ब्रेक दिसला होता. "अरे देवा," ती म्हणाली, "टीव्हीवर गेला तरी थांबलाच." मी सांगायला तोंड उघडलं, तर हॉइटने मान हलवली, नको म्हणून. शेजारी बसलेला दांडगा गडी चरात ओकत होता, पण नॅडीनच्या मते ते डुकराच्या वासाने.

पुढे तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा माझ्या खानावळीत उभं राहायला जागा नव्हती. शववाहिका पळाली, हो, पण मागचे डोंगर उघडेबोडके, पिवळे. आमच्याकडचा टेक अर्धवट राहिला म्हणून कॅलिफोर्नियात कुणी मिशीवाला बसवून त्यांनी ते पुन्हा काढलं होतं.  हॉइट पेकनच्या दाण्यांचा केक खात होता. तुकडा संपवून म्हणाला, "बरा चालवतो की." आणि पंचविसाने घरी गेला. मी त्या टीव्हीला असं काही बोलले, की आमच्या पाद्रीबाबांनी मला रविवारी बाजूला घेतलं.

हॉइट गेला तो मागच्या ऑक्टोबरमध्ये, ओसरीवर, खुर्चीतल्या खुर्चीत. शववाहिका डेल चालवत होता, हॉइटनेच शिकवून तयार केलेला. मागच्या गाडीत नॅडीन आणि मी, आमच्या मागे पाद्रीबाबा, त्यांच्या मागे गाव. चाललो होतो आपले पंचविसाने. माउंट ऑलिव्हच्या चढापाशी आलो तशी नॅडीन म्हणाली, थांबवा. उतरली, ती उंच टाचांची काळी पादत्राणं घालून खडीवरून टकटक चालत डेलच्या खिडकीशी गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. डेल दोनदा नाही म्हणाला, एवढं दिसलं. मग त्याने टोपी घट्ट केली.

नॅडीन येऊन बसली आणि आमच्या ड्रायव्हरला म्हणाली, "त्याच्या मागे राहायचं. मागे पडलास तर बघ."

शववाहिका जी सुटली ती सुटलीच. चढावर चाकं सुटली, फुलं उडाली, गुलाब आमच्या काचेवर येऊन आपटले. मागे पाद्रीबाबांच्या गाडीचा भोंगा ऐकू येत होता. रस्त्याच्या कडेला गाड्या थांबलेल्या, माणसं डोकी उघडी करून उभी, आणि त्यांच्यासमोरून हॉइट स्कॉगिन्स ऐंशी मैलांनी गेला. पर्विस म्हातारा झालाय आता, तरी ट्रॅक्टरवरून उतरला होता. छातीशी धरलेली टोपी त्याने वर केली आणि डोक्यावर गरागरा फिरवली.

नॅडीनने एका हाताने दाराची कडी धरली होती, दुसऱ्या हाताने मला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसतही होती. ओरडून विचारलं, "लॉइस, खरंच असा चालवायचा तो?"

"छे गं," मी म्हटलं. "याहून जोरात."