टँकरच्या वेळेचा फोन

दादाचा फोन दुपारी यायचा, टँकरच्या वेळेला. तिकडे ऑस्ट्रेलियात तो काम आटपून खोलीवर पोचलेला असायचा आणि इकडे लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी टँकर वळत असायचा. फोन माझ्याकडे यायचा. पप्पांचा फोन बटनांचा होता आणि तो बहुतेक वेळा बंद करून शर्टाच्या खिशात ठेवलेला असे. वहिनींनी माहेरून आणलेल्या फोनची बॅटरी फुगली होती. तो चांगला असता तरी फरक पडला नसता. सासऱ्यांसमोर नवऱ्याशी फोनवर बोलायचं त्यांच्याकडच्या बायकांच्या रीतीत बसत नव्हतं, आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात पप्पा कायम समोरच असत.

"बारके, पाणी आलं का?" दादा विचारायचा.

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायची, "वहिनी, दादा विचारतोय, पाणी आलं का?"

"सांगा की, आत्ता वळायलाय म्हणावं टँकर."

"आत्ता वळतोय, दादा."

"जेवली का म्हणावं."

"जेवलात का, वहिनी?"

"हाव, जेवले. त्यांनी काय खाल्लं इचारा. पुन्हा ब्रेडच खाल्ला असंल तर सांगू नका म्हणावं."

पप्पा बाहेरच्या खोलीत पेपर उलटा-सुलटा करत. सगळं त्यांना ऐकू जात असे आणि ऐकू येत नाही असं दाखवणं हा त्यांच्या बाजूचा शिष्टाचार होता.

लग्नानंतर दादा थोडेच दिवस राहून परत गेला होता. वहिनींचा व्हिसा आला की त्या जाणार, तोवर आमच्याकडे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे घरात दुसऱ्या बाईचा आवाज ही मला नवी गोष्ट होती. मी मुळात कमी बोलणारी. लहानपणी गल्लीतली सगळी मुलं नगरपालिकेच्या शाळेत जात आणि मी एकटी टाय लावून रिक्षातून गावाबाहेरच्या इंग्लिश शाळेत. शाळेत माझ्या मराठी वळणाच्या इंग्लिशला हसत, गल्लीत माझ्या इंग्लिश वळणाच्या मराठीला. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं, ते मग अंगवळणी पडलं. पण दुपारच्या त्या फोनवर मी भरभरून बोलायची. शब्द माझे नव्हते, म्हणून असेल. नवरा-बायकोचा सगळा संसार माझ्या तोंडून चालला होता आणि मला ते काम फार आवडत होतं.

दुसरं काम व्हिसाच्या बातम्यांचं. अर्जावर ईमेल माझा दिला होता. तिकडच्या खात्याच्या सूचना माझ्याकडे येत: अमुक प्रकारच्या अर्जांना सध्या इतका वेळ लागतो आहे, अमुक नियम बदलला आहे, नव्याने येणाऱ्यांसाठी अमुक सेवा सुरू झाली आहे. भाजी निवडताना वहिनी विचारत, "काय म्हणायलंय सरकार?" त्यांच्या लेखी सरकार एकच होतं. तेच टँकर पाठवतं, तेच व्हिसा पाठवतं, आणि दोन्हीला उशीर करतं. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायची. त्या मान डोलावत. "म्हंजी आज बी न्हाई," एवढा सारांश त्या काढत, आणि तो बरोबर असे.

अर्जाची कागदपत्रं मात्र पप्पांनी जोडली होती. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा पप्पा नव्या कचेरीत कारकून म्हणून लागले होते. टेबलं यायच्या आधी पाटी लागली, असं ते अजून कौतुकाने सांगत. त्या वर्षी उदगीर जिल्हा होणार अशी पुन्हा चर्चा होती, ते वाचून ते म्हणत, "करा की. एक पाटी आन् एक शिक्का, काय लागतंय जिल्ह्याला?" शिक्क्यावर त्यांचा फार विश्वास. त्यामुळे अर्जासोबत त्यांनी आमच्या नगरसेवकाचा आणि वहिनींच्या गावच्या सरपंचांचा दाखला जोडला: हे दोघे विवाहित असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. फोटोही त्यांनीच निवडले. लग्नात वहिनी पांढऱ्या साडीत दादाच्या शेजारी उभ्या होत्या, असे पुष्कळ फोटो होते. एका फोटोत दादा काहीतरी कानात सांगतोय आणि त्या हसू दाबतायत. पप्पांनी तो आणि दोघं शेजारी असलेले बाकीचेही बाजूला ठेवले.

"हा का काढला?" मी विचारलं.

"सरकारी काम आहे ते," पप्पा म्हणाले. "साहेबाच्या टेबलावर जाणार. सभ्य फोटो पाहिजेत."

मग सभ्य फोटो गेले. त्यात दादा एका टोकाला, वहिनी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये दोन्हीकडची वडीलधारी मंडळी. मला तेव्हा त्यात काही चुकीचं दिसलं नाही. आमच्या घरी फोटो तसेच असतात.

त्या हिवाळ्यात तिकडून पत्र आलं. भाषा अतिशय सभ्य होती. अर्जदार आणि तिचा पती यांचं नातं खरं आणि चालू आहे याचा पुरेसा पुरावा दिसत नाही. दोघांचे एकत्र फोटो जवळपास नाहीत. फोनच्या नोंदींवरून दिसतं की पती भारतातल्या एकाच क्रमांकावर रोज बोलतो, पण तो क्रमांक अर्जदाराचा नाही, तर त्याच्या बहिणीचा आहे. ठरलेल्या मुदतीत आणखी पुरावा द्यावा, नाहीतर आहे त्यावर निर्णय होईल.

मी ते मराठीत सांगितलं तेव्हा वहिनींनी हातातली मेथी खाली ठेवली.

"म्हंजी मी बायको न्हाई म्हणायलेत?"

"तसं नाही, वहिनी. पुरावा नाही म्हणतात."

"एवढं मोठं लगीन झालं की कंधारला. सगळा तालुका जेवला. इचारा म्हणावं कुणालाबी."

पप्पा चष्मा काढून पुसत बसले. मग उठून कपाटातून तो बाजूला ठेवलेला फोटो काढला आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवून बाहेर गेले.

दादाने पैसे पाठवून वहिनींसाठी फोन घ्यायला लावला. मीच त्यांना तो शिकवला. पहिल्या दिवशी त्या फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. पप्पांनी पिशवी उचलली आणि कारण नसताना बाजाराला निघून गेले. त्यानंतर रोज दुपारी ते बाजाराला जाऊ लागले. त्या दुष्काळात बाजारात घेण्यासारखं फार काही नव्हतं, तरी जात.

मी बाहेरच्या खोलीत असायची. घरून एका कंपनीचं नोंदणीचं काम करत होते, कॉम्प्युटर तिथेच होता. दाराआड वहिनींचा आवाज आधी अडखळायचा, मग सलग वाहायचा. त्या मोठ्याने हसतात हे मला तेव्हा कळलं. माझ्या तोंडून जाताना त्यांची ती वाक्यं किती वाळून जात असतील, हेही कळलं. माझा फोन कॉम्प्युटरशेजारी पडलेला असायचा. सुरुवातीला दादा शेवटी मला फोन द्यायला सांगे आणि आम्ही दोन शब्द बोलत असू. पुढे तेही राहत गेलं. त्याला स्वयंपाकाला लागायचं असे, किंवा इकडे टँकर आलेला असे. तक्रार करण्यासारखं काही नव्हतंच. नवरा बायकोशी बोलत होता, आणि ते सिद्ध व्हावं म्हणून आम्ही सगळेच धडपडत होतो.

नव्या फोनवर दोघं एकमेकांना करत ते मेसेज पुरावा म्हणून इंग्लिशमध्ये करून, शिक्का मारून द्यायचे होते. शिक्का मारणारे एक भाषांतरकार नांदेडला, कोर्टाजवळ बसत. मी आणि वहिनी एसटीने गेलो. चाकूर, अहमदपूर, दोन्ही बाजूंनी राखाडी जमीन. लोह्याला गाडी थांबली तेव्हा वहिनी कंधारच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "उतरायचं का? माहेरी जाऊन येऊ."

"नको. आधी ही कामं. आई रडती मग." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ताई, मी गेल्यावर तुम्ही बोलणार कुणाशी?"

मी खिडकीबाहेर बघत होते. ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. पप्पांची मुलगी आहे मी.

भाषांतरकार वयस्कर होते. मी इंग्लिशमध्ये करून आणलेले मेसेज त्यांनी मूळ मराठीशी ताडून बघितले आणि चष्म्यावरून वहिनींकडे पाहिलं.

"काय ओ बाई, हे सगळं पाण्याचंच आहे. पाणी आलं का, किती आलं, ड्रम भरला का. नवरा-बायको असं बोलतात का?"

"मग काय बोलतेत, काका?"

"काहीतरी गोड. साहेब लोकांना तेच लागतं."

"टँकरचं पाणी खारंच हाय, काका. गोड कुठून आणू?"

ते इतके हसले की शेजारच्या टेबलवाल्याने मान वर केली. शिक्के मारताना त्यांनी पुन्हा एकदा एक मेसेज वाचला. त्यात दादाने लिहिलं होतं, आज मी आंघोळीला नळ सोडला आणि तू आठवलीस, म्हणून लगेच बंद केला. शिक्का सरळ बसावा म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने कागद धरला.

आम्ही सगळं पाठवलं. तो फोटोही गेला, सगळ्यात वर.

उन्हाळा चढला. लातूरला रेल्वेने पाणी येऊ लागलं. टँकर कधी येई, कधी नाही. टँकर आला की वहिनी पदर खोचून धावत, पाइप पकडत, भांडत, ड्रम भरून घेत. मी दारात उभी राहून रिकामी भांडी पुढे सरकवायची. गर्दीत ओरडणं मला कधी जमलं नाही. शेजारच्या काकू म्हणत, "इंग्लिश मॅडमला पाणी भरून द्यायला वहिनी हायेत. वहिनी गेल्या की मॅडम पाण्यालाबी प्लीज म्हणणार."

अशाच एका दुपारी फोनवर ईमेल आला. मंजूर. इतर सूचनांसारखंच कोरडं पत्र, फक्त तो एक शब्द वेगळा. टँकर गल्लीत उभा होता. वहिनी पाइप ड्रममध्ये धरून काकूंशी वाद घालत होत्या. आमच्या घरात ही गोष्ट त्या क्षणी फक्त मला माहीत होती. मी उंबऱ्यावर उभी राहिले. ड्रम अर्धा भरला, पाऊण भरला. वहिनींच्या साडीचा काठ भिजला होता. हे असंच, इतकंच, आणखी थोडा वेळ राहू दे, असं मला वाटलं. मग मी उन्हात उतरले.

"वहिनी, आला."

"काय?"

"व्हिसा."

"थांबा, थांबा. आधी हा पाइप धरा."

मी पाइप धरला. त्या बाजूला गेल्या, पालथी घागर होती तिच्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडू लागल्या. बायका थांबल्या. काकूंनी विचारलं, "काय झालं गं, कुणाचं काय बरं-वाईट?" मी म्हटलं, "नाही, चांगलं झालं." माझ्या हातातून पाइप सुटला आणि सगळं पाणी माझ्या आणि वहिनींच्या पायांवर आलं. पाणी सांडलं म्हणून त्या वर्षी लोक मारामारीवर येत. तेव्हा कुणी काही बोललं नाही.

हैदराबादहून विमान होतं. जीपमध्ये पप्पा पुढे बसले, आम्ही मागे. विमानतळाच्या काचेपलीकडून वहिनींनी हात वर केला आणि खुणेने विचारलं, पाणी? मी मान हलवली. काय उत्तर दिलं ते मलाच कळलं नाही.

जाण्यापूर्वी त्या म्हणाल्या होत्या, "मला तिथं काय कळणार ताई? दुकानात, दवाखान्यात, कुटंबी, मी तुम्हालाच फोन लावणार. तुम्ही सांगा त्यांना इंग्लिशमधून." मी हो म्हटलं होतं आणि खरं सांगायचं तर त्या भरवशावर होते. फोन चार्ज करून ठेवत होते. सुरुवातीला आलेही फोन, भाजीच्या दुकानातून, बसमधून. एकदा मी तिकडच्या ड्रायव्हरशी बोलले आणि दिवसभर मला बरं वाटलं.

खात्याच्या सूचना माझ्याकडे येतच राहिल्या. ईमेल कुणी बदलला नव्हता. एका सूचनेत नव्याने आलेल्यांसाठीच्या सेवा होत्या: इंग्लिशचे मोफत वर्ग, दवाखान्यात फोनवरून दुभाषी, मराठीसाठीसुद्धा. मी ती दोनदा वाचली. वहिनींना न कळवता राहता आलं असतं. संध्याकाळपर्यंत मी काही केलं नाही. मग सवयीप्रमाणे एकेक वाक्य मराठीत केलं आणि पाठवलं.

काही आठवड्यांनी त्यांचा आवाजाचा मेसेज आला. मागे बस थांबल्याचा आवाज. "ताई, दवाखान्यात गेले होते. काळजीचं न्हाई, गोड बातमी हाय. त्या फोनवरच्या बाईनं समदं मराठीत सांगितलं बगा. लई चांगली बाई. तुम्हाला तरास दिला न्हाई. क्लासला बी जायलेय आता."

मी मेसेज पप्पांना ऐकवला. ते बराच वेळ हसत होते. पेढे आणायला म्हणून पिशवी घेऊन निघाले, या वेळी खरं कारण होतं.

पाऊस होऊन गेला होता तरी आमच्या भागात टँकर चालूच होता. त्या दुपारी तो वळला तेव्हा मी पदर नाही, ओढणी खोचली आणि गेले. "माझा नंबर आहे," मी म्हटलं, कुणाला ऐकू गेलं नाही. मग ओरडून म्हटलं. काकूंनी वळून बघितलं आणि पाइप माझ्याकडे दिला. ड्रम भरला. घरात येऊन हात पुसले, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मी म्हणून गेले, "पाणी आलं."

पप्पा दारात चपला काढत होते. "कुणाचा फोन?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा नाही," मी म्हटलं, आणि पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातातून घेतला.