पेल्याला पेला

बायको गेल्यावर चार महिन्यांनी मी त्या आर्मेनियन हॉटेलात पहिल्यांदा एकटा गेलो. लेकीनं बर्नाबीहून फोनवर हुकूम सोडला होता, "बाबा, प्लीज, गेट आउट ऑफ द हाउस." आता घराबाहेर पडून जायचं कुठे, तर जिथे आम्ही दोघं वर्षानुवर्षं शनिवारी जायचो तिथेच. माझी कल्पनाशक्ती तेवढीच.

मालकीणबाईंनी दारातच विचारलं, "मॅडम कुठायत?"

उत्तर मी गाडीतच तयार केलं होतं. छोटंसं, इंग्रजीत, आवाज न कापता म्हणता येईल असं. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच, "इंडियाला गेलीय."

"कधी येणार?"

"एप्रिलमध्ये." एप्रिल कुठून आला, देव जाणे.

"बरं केलं, थंडी चुकवली," म्हणत त्यांनी मला नेहमीच्या टेबलावर बसवलं. न विचारताच तिची आवडती बिनमांसाची डोलमा आणून ठेवली. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात तो. बायको त्याला अळूवडीची परदेशी मावसबहीण म्हणायची. मी त्याला हात लावला नाही. नुसता ब्रँडीचा पेला फिरवत बसलो.

शेजारच्या लांब टेबलावर पंधरा-वीस माणसं होती. ताटं भरलेली, मधूनच हशा. वाढदिवस असणार, असं मी ठरवून टाकलं. एक म्हातारेबुवा उभे राहून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. सगळ्यांनी पेले उचलले आणि एकमेकांना न भिडवताच प्यायले. मला त्यांची दयाच आली. कॅनडात आल्यावर ऑफिसच्या पार्ट्यांत मी जी काही विद्या शिकलो, त्यातली ही मुख्य: कुणी ग्लास उचलला की आपला नेऊन टेकवायचा. बोलता नाही आलं तरी आपण माणसांत जमा होतो.

बायको असती तर कोटाची बाही ओढून म्हणाली असती, "अहो, बसा खाली. तुम्हाला कुणी बोलावलंय?"

बाही ओढायला कुणी नव्हतं. मी पेला घेऊन उठलो आणि "चिअर्स, चिअर्स" करत टेबलाच्या टोकापासून सुरुवात केली. खण, खण, खण. बरेच पेले वाजवून झाल्यावर लक्षात आलं, कुणीच हसत नाहीये. काळा स्वेटर घातलेल्या एका आजीबाईंनी आपला पेला तळहातानं झाकला.

"आज माझ्या मुलाचा चाळिसावा दिवस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "गेलेल्या माणसासाठी पिताना आम्ही पेले भिडवत नाही."

मला कळायला हवं होतं. आमच्याकडेही दिवस झाले की गोडाचं जेवण असतंच की. माझ्याच बेसमेंटमध्ये मंडळींनी श्रीखंड खाल्लं होतं, कुणीतरी विंटर टायर्स कुठे स्वस्त मिळतात ते सांगत होतं, आणि मी आग्रह करकरून वाढत होतो. बाहेरच्याला ते बारसं वाटलं असतं.

मी माफी मागितली, परत मागितली. आजीबाईंनी शेजारची खुर्ची सरकवली.

"बसा. आता पुढचा पेला सगळ्यांच्याच गेलेल्यांसाठी. तुमचंही कुणी असेल. नाव सांगा."

मालकीणबाई बाटली घेऊन माझ्या मागेच उभ्या होत्या. मी बायकोचं नाव सांगितलं. आजीबाईंनी ते चुकीचं उच्चारलं, म्हातारेबुवांनी त्याहून चुकीचं. एरवी मी माणसांना पकडपकडून उच्चार शिकवतो. त्या दिवशी नाही जमलं. पेले वर गेले आणि आवाज न करता खाली आले.

मग मालकीणबाईंनी मला दंडाला धरून माझ्या टेबलापाशी आणलं आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसल्या.

"तुम्ही इंडिया म्हणालात."

"हो."

"का?"

"इंडियाहून माणसं परत येतात," मी म्हणालो.

मी रडायला लागलो. चांगला हुंदके देऊन, नाक ओढत, सगळं हॉटेल ऐकेल असा. लांब टेबलावरच्या एकानंही वळून पाहिलं नाही.