तेराचे आठ

सगळ्यांनी पत्ते उघडले. सुमेधच्या पत्त्यावर तेरा होतं.

“आठ कर,” मी म्हणालो.

“सर, तेरा आहे.”

“बरं, नऊ.”

“नऊचा पत्ताच नसतो, सर.”

बाकीचे हसले. मला ते आवडलं नाही.

ही गोष्ट दोन हजार आठच्या सुमाराची. भिवंडीत माझी छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. खाली पॉवरलूमचे गाळे, वर आम्ही. मीटिंगमध्येही ओरडूनच बोलावं लागायचं. वर्षभर आधी काल्हेरच्या एका मोठ्या गोदामवाल्यांचं काम मिळालं होतं. त्यांच्या आयटीच्या शहासाहेबांची अट होती, काम अजाइल पद्धतीने व्हायला हवं. म्हणजे दर दोन आठवड्यांचा एक टप्पा, त्याला स्प्रिंट म्हणायचं, आणि शेवटी चालणारी वस्तू पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायची. स्प्रिंटच्या आधी प्रत्येक काम किती जड आहे ते टीमने ठरवायचं. त्याचे पॉइंट असतात, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. प्रत्येकाने आपला पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, म्हणजे कोणी कोणाच्या दबावाखाली येत नाही.

मला ही पद्धत पाहताक्षणी पटली. माझे वडील बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचे. मी स्वतः कॉम्प्युटरच्या धंद्यात यायच्या आधी ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाची दलाली केली. आमच्याकडे पहिला आकडा कोणी खरा सांगत नाही आणि समोरचाही तो खरा धरत नाही. तो कापायचा असतो. न कापता घेतलात तर विकणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटतं. तेव्हा पत्ते उघडले की मी कापायचो. टीमलीड वैशाली थोडं ताणून धरायची, मग उतरायची. काम ठरल्या वेळेत व्हायचं. भिवंडीतल्या कुठल्या दलालाला मी हार गेलो नव्हतो, ही तर कालची पोरं, असं मला वाटायचं.

सुमेध नवीन होता. दिघाशीहून बाइकवर यायचा. कामाला लागला तेव्हा मीच त्याला सांगितलं होतं, “माझ्याशी खरं बोलायचं. गोलगोल नाही.”

त्याच्याकडे परतीच्या मालाचं काम होतं. दुकानदाराने परत पाठवलेले बॉक्स स्कॅन करून स्टॉकमध्ये घ्यायचे.

“तेराच का?” मी विचारलं.

“टेस्टिंग धरून, सर. अर्धा बॉक्स परत आला तर काय, तेही पाहावं लागेल.”

“अर्ध्या बॉक्सचं पुढच्या वेळी पाहू.” मी उठून बोर्डावर आठ लिहिलं.

सुमेध बोर्डाकडे बघत राहिला. मी समजलो, सौदा झाला.

डेमो काल्हेरच्या गोदामात होता. शहासाहेब, त्यांचा गोदामाचा मॅनेजर, चार सुपरवायझर. मॅनेजरने मुद्दाम फाटका, अर्धाच भरलेला बॉक्स आणला. सुमेधने स्कॅन केला. स्टॉक दिसला, तो दुप्पट.

शहासाहेबांनी चष्मा वर केला. “अरे वा! माल परत आला की डबल होतो? शेठ, हे मशीन माझ्या घरी पण लावा.”

गोदाम हसलं. माझं डोकं फिरलं. मी त्या सगळ्यांसमोर सुमेधला म्हणालो, “याचंच काम आहे हे. उद्यापासून येऊ नकोस.”

सुमेधने स्कॅनर हळूच टेबलावर ठेवला. शहासाहेबांचं हसू गेलं होतं. ते खाली बघत होते.

दुसऱ्या दिवशी रेट्रो होती. रेट्रो म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय चुकलं ते मोकळेपणाने बोलायची बैठक. मी म्हणालो, “तुम्हा सगळ्यांचं वेळेत होतं. त्याच्या एकट्याचंच का झालं नाही?”

वैशाली म्हणाली, “सर, आम्ही तेरा सांगतो तेव्हा आमचं आठच असतं.”

“म्हणजे?”

“तुम्ही कापणार, ते धरूनच सांगतो. सुमेधलाही मी म्हटलं होतं, वाढवून सांग. तो म्हणाला, सरांनी खरं बोलायला सांगितलंय.”

खाली लूम चालूच होते. मला तेवढ्यापुरतं काही ऐकू आलं नाही.

या लोकांनी मला वर्षभर फसवलं, हा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. तोंडावर सांगायला काय झालं होतं? पण मला फसवणारे सगळे माझ्यासमोर खुर्च्यांवर बसले होते आणि ज्याने फसवलं नाही त्याला मी चारचौघांत हाकललं होतं.

रविवारी दिघाशीला गेलो. सुमेधची आई अंगणात तांदूळ निवडत होती. “बसा साहेब, हाय तो घरान,” म्हणाली. सुमेध चहा घेऊन आला.

“चुकलं माझं. परत ये,” मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी फार थोड्या वेळा बोललोय.

त्याने कप माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाला, “येतो सर. पण ते काम मला नीट करायचंय. तीन आठवडे लागतील. शहासाहेबांना तसं आधी सांगा.”

“दोन कर,” मी म्हणालो.

तोंडातून गेलं. खरंच, बोलल्यावर कळलं.

आईचा हात सुपात थांबला. “येवढ्या लांब आलाव साहेब, आन् इथंपन भाव करताव?”

“तीन घे. चार घे,” मी घाईने म्हणालो. त्याने तर ते आणखीच वाईट झालं.

“चहा घ्या सर, गार होतोय,” सुमेध म्हणाला. त्यानंतर कामाचा शब्द त्याने काढला नाही. तो परत आला नाही.

ते काम पुढे वैशालीने केलं. तीन आठवड्यांच्या वरच लागले. पार्टी टिकली, पण शहासाहेब त्यानंतर तारखा मला विचारेनासे झाले. थेट वैशालीला फोन करायचे, मी शेजारी बसलेलो असलो तरी.

तेव्हापासून पत्ते उघडायच्या वेळी मी खोलीबाहेर थांबायला लागलो. जिन्यात उभं राहायचं आणि बोलावलं की आत जायचं. दोन-तीन स्प्रिंटनंतर बोर्डाकडे पाहिलं, तर तसल्याच कामांचे आकडे बरेच खाली आले होते. एवढी घासाघीस करूनही मला ते जमलं नव्हतं. त्यासाठी फक्त दाराबाहेर जायचं होतं.